दोन ठिकाणची कमाई, हिशेब मात्र एकाच नावावर

व्यापारी घरांतील मिळकतीचे स्वरूप गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ बदलले आहे. पूर्वी घर एक, पेढी एक आणि पैसा येण्याची वाटही एकच असे. सायंकाळी गल्ला मोजला, रोजमेळ जुळला, की दिवस संपला. आज त्याच घरातील थोरला मुलगा गादी सांभाळतो. धाकटा पुण्यातील संगणक कंपनीत नोकरी करतो, पण पेढीच्या भागीदारी पत्रात त्याचेही नाव असते. थोरली सून पॅथॉलॉजिस्ट असून सकाळी एका रुग्णालयात व सायंकाळी दुसऱ्या प्रयोगशाळेत काम करते. धाकटी सून नोकरी सांभाळून खाकरा, मुखवास आणि सुकामेव्याचे डबे मोबाइलवरून विकते. काका दुकानाबरोबर विम्याची एजन्सी चालवतात. कष्टाळू घराचे हे चित्र आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे.

अडचण एवढीच, की पैसे देणारा प्रत्येक जण आपल्यापुरते पाहतो. रुग्णालय आपण दिलेल्या पगारावर कर कापते, प्रयोगशाळा आपल्या, पेढी आपल्या. या साऱ्याची बेरीज करण्याचे काम कायद्याने त्यांच्यावर टाकलेले नाही. ते त्या व्यक्तीवर टाकलेले आहे. आपल्या मुनिमांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रोजकीर्दीत एकाच माणसाच्या नोंदी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर पडतात. खतावणीत मात्र त्या एका नावाखाली येतात आणि बाकी तेथेच कळते. प्राप्तिकर खात्याच्या खतावणीत ते नाव म्हणजे पॅन क्रमांक. कंपनी, बँक, पेढी, शेअर दलाल, म्युच्युअल फंड, सर्वांच्या नोंदी त्या एका क्रमांकाखाली जमा होतात. आपण बेरीज केली नाही, तरी ती होतच असते.

पुढील आकडे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाच्या उत्पन्नाचे आणि नव्या करपद्धतीतील आहेत.

दोन पगार आणि दोनदा मिळालेली सवलत

थोरल्या सुनेचेच उदाहरण घेऊ. रुग्णालयाचा पगार वर्षाला ८,४०,००० रुपये आणि प्रयोगशाळेचा ६,००,००० रुपये. दोन्हीकडे ती पगारावरच आहे. रुग्णालयाच्या लेखापालाने ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट दिली, राहिले ७,६५,०००. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरील कर सवलतीने माफ होतो, म्हणून त्याने काहीच कापले नाही. प्रयोगशाळेनेही तीच वजावट पुन्हा दिली, राहिले ५,२५,०००. तेथेही कपात शून्य. दोन्ही लेखापाल आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन्ही ठिकाणांहून मिळालेल्या फॉर्म १६ वर कर शून्य आहे आणि सूनबाई निश्चिंत आहेत.

आता बेरीज पाहा. एकूण पगार १४,४०,०००. प्रमाणित वजावट माणसाला एकदाच मिळते, नोकरीगणिक नाही. तेव्हा करपात्र उत्पन्न १३,६५,००० झाले. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००. उरलेल्या १,६५,००० रुपयांवर १५ टक्क्यांनी २४,७५०. उत्पन्न १२ लाखांच्या बरेच वर गेल्यामुळे माफीची सवलत गेली. कर ८४,७५० आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ८८,१४० रुपये. दोन कोऱ्या फॉर्म १६ च्या पोटी अठ्ठ्याऐंशी हजारांचे देणे दडले होते.

शिवाय व्याज. वर्षभरात काहीच न भरता जुलैमध्ये विवरणपत्र भरताना ही रक्कम भरली, तर आगाऊ कराचे हप्ते चुकल्याबद्दल सुमारे ४,४५० आणि एप्रिलपासूनच्या चार महिन्यांबद्दल सुमारे ३,५२० असे जवळजवळ ८,००० रुपये आणखी द्यावे लागतात. हे व्याज टाळता येण्याजोगे आहे, आणि व्यापाऱ्याच्या घरात टाळता येणारे व्याज भरणे कोणालाच रुचत नाही.

उपाय साधा आहे. दोन्ही मालकांपैकी एकाला निवडून त्याच्याकडे फॉर्म १२बी भरून द्यावा. त्यात दुसऱ्या ठिकाणचा पगार आणि तेथे झालेली करकपात लिहितात. मग तो मालक एकत्र पगारावर हिशेब करून दरमहा कपात करतो. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्यांनीही हेच करायचे असते. प्रत्यक्षात सर्वांत जास्त घोटाळे तेथेच होतात, कारण जुन्या कंपनीचा पगार नव्या कंपनीला कोणी सांगतच नाही आणि माफीची मर्यादा दोन्हीकडे पूर्ण धरली जाते.

हा फॉर्म देणे सक्तीचे नाही. एका मालकाला दुसऱ्याचे नाव कळू नये असे वाटत असेल, तर न सांगता स्वतः आगाऊ कर भरण्याचा मार्ग खुला आहे. मात्र कर चुकला नाही म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग झाला नाही, असे नव्हे. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले होते. नेमणूकपत्रातील दुसऱ्या कामासंबंधीचे कलम वाचून ठेवावे. ते कलम बहुधा घरच्या पेढीतील भागीदारीलाही लागू होते आणि याची आठवण फारच थोड्यांना असते.

येथे एक बारीक पण मोठ्या किमतीचा मुद्दा आहे. समजा, प्रयोगशाळा सूनबाईंना पगार देत नाही, तर तपासणीच्या कामाची व्यावसायिक फी देते. मग ते उत्पन्न पगाराचे राहत नाही, व्यवसायाचे होते. डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल, अंतर्गत सजावटकार अशा ठरावीक व्यावसायिकांना ढोबळ फीच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची अनुमानित योजना आहे. फी वर्षाला ५० लाखांपर्यंत असावी, आणि रोख वसुली ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. म्हणजे ६ लाख फीपैकी ३ लाख करपात्र. पगाराचे ७,६५,००० मिळवून एकूण १०,६५,०००. १२ लाखांच्या आत, कर शून्य. उलट प्रयोगशाळेने १० टक्क्यांनी कापलेले ६०,००० रुपये परत मिळतील. तेच काम, तेच पैसे, पण एकीकडे ८८,१४० देणे आणि दुसरीकडे ६०,००० येणे.

हे वाचून कोणी लगेच प्रयोगशाळेत जाऊन ‘मला पगाराऐवजी फी द्या’ म्हणेल. तसे नाव बदलून भागत नाही. वेळेचे बंधन, हजेरी, रजा, भविष्य निर्वाह निधी आणि वरिष्ठांच्या आदेशाखालील काम असेल, तर कागदावर काहीही लिहिले तरी ती नोकरीच. याच्या उलट, खरोखरच स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डॉक्टर मुली निष्कारण पगारदार म्हणून विवरणपत्र भरतात, असेही दिसते. नाते खरे कोणते, हे आधी पाहावे.

पेढीचा भागीदार, कंपनीचा नोकर

आता धाकट्या मुलाकडे येऊ. त्याचा प्रश्न आपल्या घरांत सर्वाधिक आढळतो आणि सर्वांत कमी बोलला जातो.

पुण्याच्या कंपनीत पगार १२,००,०००. वजावट जाऊन ११,२५,०००, म्हणून कंपनीकडून कपात शून्य. गावच्या पेढीत तो भागीदार आहे. पेढीने वर्षअखेरीस त्याच्या खात्यावर १,८०,००० रुपये मोबदला आणि भांडवलावरील व्याज ९०,००० रुपये जमा केले. नफ्यातील हिस्सा वेगळा. त्यावर पेढीने कर भरलेला असल्याने तो भागीदाराच्या हाती करमुक्त असतो. परंतु मोबदला आणि व्याज करमुक्त नाहीत. पुष्कळ घरांत या तिन्ही रकमा ‘पेढीतून आले’ या एकाच शब्दांत गुंडाळल्या जातात.

भागीदाराचा मोबदला कायद्याच्या दृष्टीने पगारही नाही. ते व्यवसायाचे उत्पन्न. त्यावर प्रमाणित वजावट मिळत नाही. मग मुलाचे एकूण उत्पन्न ११,२५,००० अधिक २,७०,०००, म्हणजे १३,९५,००० रुपये झाले. कर ८९,२५० आणि उपकरासह ९२,८२०. पेढीच्या २,७०,००० रुपयांनी ९२,८२० रुपयांचा कर ओढवून आणला, म्हणजे त्या रकमेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग गेला. वडिलांनी मुलाच्या खात्यावर मोबदला टाकला तो ‘त्याला कर लागत नाही, त्याच्या नावावर दाखवू’ या विचाराने. कंपनीच्या पगाराने १२ लाखांची जागा आधीच जवळजवळ भरलेली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. (उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेले तर वाढीव रकमेपेक्षा जास्त कर घेऊ नये, अशी तरतूद आहे, पण तिचा आधार साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंतच पुरतो.)

१ एप्रिल २०२५ पासून यात आणखी एक भर पडली आहे. भागीदाराला वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक मोबदला, बोनस, कमिशन वा व्याज द्यायचे असेल, तर पेढीने १० टक्के टीडीएस कापणे आवश्यक झाले आहे. रक्कम हातात दिली नाही, नुसती खात्यावर जमा केली, तरीही. वरील उदाहरणात पेढीने २७,००० कापून सरकारकडे भरायला हवे होते. तेवढे वजा करूनही मुलाला ६५,८२० रुपये भरावे लागतीलच. अनेक पेढ्या मोबदल्याची नोंद ताळेबंद तयार करताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ३१ मार्चच्या तारखेने करतात. ती पद्धत आता सोडावी लागेल. कपातीची आणि भरण्याची तारीख कधीच उलटून गेलेली असते.

मोबदला ज्याला द्यायचा, तो ‘कार्यकारी’ भागीदार हवा, म्हणजे पेढीच्या कारभारात प्रत्यक्ष भाग घेणारा हवा. पुण्यात पूर्णवेळ नोकरी करणारा मुलगा गावच्या पेढीत काय करतो, हा प्रश्न करनिर्धारण अधिकारी विचारू शकतो आणि त्याचे उत्तर असायला हवे. मुलगा शनिवार-रविवारी जीएसटीची विवरणपत्रे पाहत असेल, मालाच्या ऑनलाइन ऑर्डरी हाताळत असेल, बँकेचा पत्रव्यवहार करत असेल, तर ते खरे काम आहे. त्याच्या खुणा ईमेलमध्ये, पोर्टलवर राहतात. तो केवळ दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आणि पर्युषणात घरी येत असेल, तर मोबदला देऊ नये हेच बरे. भांडवलावरील व्याजाला मात्र ही अट नाही. भागीदारी पत्रात लिहिलेले असेल, तर वार्षिक १२ टक्क्यांपर्यंत व्याज पेढीला खर्च म्हणून मान्य होते.

याचा एक परिणाम करपद्धतीच्या निवडीवर होतो. केवळ पगारदार माणूस दरवर्षी जुनी वा नवी पद्धत निवडू शकतो. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याला ही मोकळीक नाही. त्याने एकदा अर्ज देऊन जुनी पद्धत घेतली आणि नंतर तो नव्या पद्धतीत परतला, की व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुन्याकडे जाता येत नाही. गृहकर्ज घेऊन जुन्या पद्धतीचा लाभ मिळवणाऱ्या मुलाच्या बाबतीत पेढीचा किरकोळ मोबदला ही निवड कायमची बांधून टाकतो.

घराची सोय आणि सही

एकत्र कुटुंबात सगळ्यांच्या कराचे काम एक जण पाहतो. बहुधा वडील किंवा थोरले भाऊ. जुलै आला की सर्वांचे कागद एका पिशवीत भरून सीएकडे जातात. विश्वासाची ही रीत आहे आणि ती वाईट नाही. पण तिच्यात एक उणीव राहून गेली आहे. विवरणपत्र भरल्यावर त्याची पडताळणी आधारच्या ओटीपीने होते. वडिलांचा फोन येतो, “अरे, एक ओटीपी आला असेल तुझ्या मोबाइलवर, तो सांग.” मुलगा बैठकीतून बाहेर येऊन सहा आकडे सांगतो आणि परत आत जातो. त्या सहा आकड्यांनी त्याने कायद्यापुढे जाहीर केलेले असते, की या विवरणपत्रातील माहिती पूर्ण व खरी आहे. त्याने ते पाहिलेलेही नसते.

पुढचा घोळ यातूनच होतो. कंपनीचा फॉर्म १६ मुलाच्या ईमेलवर येतो, गावच्या सीएपर्यंत पोहोचतच नाही. किंवा मुलगा कंपनीतील मित्रांबरोबर एखाद्या अॅपवरून पगारदारांचे साधे विवरणपत्र, आयटीआर-१, स्वतःच भरून टाकतो. इकडे सीए त्याच पॅनवर पेढीच्या उत्पन्नाचे आयटीआर-३ भरायला बसतात. भागीदाराला आयटीआर-१ चालत नाही. ते सदोष ठरून नोटीस येऊ शकते. नोटीस येते ती मुलाच्या नावाने. मुलाने वडिलांवर आणि वडिलांनी सीएवर विश्वास ठेवला होता. सीएपुढे जेवढे कागद आले, तेवढेच त्यांनी पाहिले. दोषी कोणीच नाही, पण उत्तर मात्र एकालाच द्यावे लागते.

म्हणून ओटीपी सांगण्यापूर्वी विवरणपत्राची प्रत मागावी. यात अविश्वास नाही. वडीलधाऱ्यांनीही तो अपमान मानू नये. मोठ्या रकमेची हुंडी न वाचता सही करणाऱ्याला आपल्याच आजोबांनी गादीवर बसू दिले नसते.

सुनांच्या नावे दाखवल्या जाणाऱ्या पगाराबद्दल अधिक स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. पती ज्या पेढीत एकटा किंवा नातलगांसह २० टक्के वा अधिक नफ्याचा हक्कदार आहे, त्या पेढीने पत्नीला पगार दिला तर तो पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. अपवाद एकच: पत्नीकडे तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता हवी आणि तो पगार केवळ त्या ज्ञानामुळे व अनुभवामुळे मिळत असला पाहिजे. सून सीए असेल आणि पेढीचे हिशेब खरोखर पाहत असेल, तर पगार तिचा. तिची बाहेरही नोकरी असेल तर दोन्ही पगारांची बेरीज वर सांगितल्याप्रमाणे करावी. पण पगार सुनेच्या नावावर लिहायचा, तिच्या बँक खात्यातून तो दुसऱ्याच दिवशी पेढीत ‘ठेव’ म्हणून परत आणायचा आणि तिला याची गंधवार्ताही नसायची, हा प्रकार करातही टिकत नाही आणि घरातही शोभत नाही. त्या ठेवीवर पेढी दरसाल व्याज दाखवते, तेही सुनेच्या पॅनवर नोंदले जाते आणि तिच्या शाळेतील वा बँकेतील पगारात मिळते. ज्या पैशाला तिने कधी हात लावला नाही, त्याच्या कराचा प्रश्न तिला विचारला जातो.

हिंदू अविभक्त कुटुंबाचा वेगळा पॅन जैन कुटुंबांनाही घेता येतो, कारण या बाबतीत जैनांना हिंदू कायदाच लागू आहे. कुटुंबाच्या मालमत्तेचे भाडे, कुटुंबाच्या भांडवलावरील व्यापार यांचे उत्पन्न तेथे दाखवणे योग्यच. परंतु मुलाने स्वतःच्या कौशल्याने मिळवलेली सल्ल्याची फी किंवा सुनेची डॉक्टरी या खात्यात वळवता येत नाही. कौशल्य ज्याचे, उत्पन्न त्याचे.

जोडधंदा, अडत आणि कमिशन

धाकट्या सुनेच्या खाकऱ्याचा व्यापार छोटा आहे. वर्षाची विक्री ९ लाख, सगळी बँकेतून वा यूपीआयने. छोट्या व्यापाऱ्यांच्या अनुमानित योजनेत अशा डिजिटल विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात. म्हणजे किमान ५४,००० रुपये तिच्या पगारात मिळवायचे. वह्या ठेवण्याची कटकट नाही. मात्र या योजनेत आल्यावर पुढील पाच वर्षांत कधी बाहेर पडले, तर त्यानंतरची पाच वर्षे तिच्यात पुन्हा येता येत नाही. ‘यंदा तोटा दाखवू’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काकांच्या विमा एजन्सीला ही योजना लागूच नाही. कमिशन, दलाली आणि एजन्सीचा धंदा तिच्यातून कायद्यानेच वगळला आहे. मार्केट यार्डातील अडत हीसुद्धा कमिशनच. आपल्या समाजात अडत दुकाने, जमिनीची दलाली, विमा व म्युच्युअल फंडाचे काम करणारे इतके आहेत, की या वगळण्याचा फटका सर्वाधिक आपल्यालाच बसतो. कमिशनवर २ टक्के टीडीएस कापला गेला, म्हणजे कर संपला, हा समजही तितकाच पसरलेला आहे. टीडीएस ही उचल आहे, चुकती पावती नव्हे.

जीएसटीत पगार मोजला जात नाही. पण दुकान ज्याच्या एकट्याच्या नावावर आहे, त्याच पॅनवर केलेले सल्ल्याचे वा डिझाइनचे काम दुकानाच्या उलाढालीत मिळते. मालाच्या व्यापाऱ्याला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे ऐकून मुलगा निर्धास्त असतो; मात्र त्याच्या नावावरील दुकान आधीच नोंदलेले असेल, तर त्याच्या करपात्र सल्ल्याच्या पहिल्या रुपयापासून जीएसटी लागतो.

शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल दोनच वाक्ये. तो व्यवहार कराच्या भाषेत व्यवसाय आहे आणि पगारदार मुलालाही त्यामुळे आयटीआर-३ भरावे लागते. तोटा पगारातून वजा होत नाही. तो पुढे ओढायचा तर विवरणपत्र मुदतीतच भरलेले असावे लागते, म्हणून तोटा झाल्यावर गप्प बसणारा दुहेरी तोट्यात जातो.

तारखा आणि उरलेले

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये वा अधिक होत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अनुमानित योजनेतील छोटा व्यापारी व व्यावसायिक यांनी सर्व रक्कम १५ मार्चपर्यंत एकदाच भरली तरी चालते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आगाऊ कर नाही. परंतु ७० वर्षांचे आजोबा पेढीकडून भागीदाराचे व्याज घेत असतील, तर त्यांना ही सूट मिळत नाही. पूर्वी आपल्या पेढ्यांचे वर्ष कार्तिक प्रतिपदेला सुरू होई आणि करालाही ते चाले. १९८९ पासून सर्वांना ३१ मार्च लागू झाला. वहीपूजन दिवाळीतच होते, मात्र कराच्या दृष्टीने त्या वेळी वर्ष अर्ध्याहून अधिक सरलेले असते. दिवाळीच्या सुमारास सर्व कमावत्यांच्या रकमा एका कागदावर मांडल्या, तर डिसेंबर आणि मार्चचे हप्ते तरी अचूक भरता येतात.

व्यवसाय कर ही छोटी रक्कम, पण दोनदा कापली जाते. महाराष्ट्रात पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० मिळून वर्षाला २,५०० रुपये कापतात. भागीदाराकडूनही २,५०० घेतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार एका व्यक्तीकडून राज्याला वर्षाला २,५०० पेक्षा अधिक घेता येत नाही. एकाच वेळी दोन मालकांकडे पगारावर असणाऱ्याने आपण स्वतः नोंदणी करून कर भरू, असे विहित प्रमाणपत्र दिले, तर मालकांनी तो कापायचा नसतो.

विवरणपत्र भरण्यापूर्वी प्राप्तिकर पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरण, म्हणजेच एआयएस, प्रत्येक कमावत्याने स्वतः उघडून पाहावे. दोन्ही पगार, पेढीचे व्याज, लाभांश, शेअरची विक्री, जीएसटीची उलाढाल सर्व तेथे दिसते. नोंद चुकीची असेल तर तेथेच हरकत नोंदवता येते. जे उत्पन्न तेथे दिसत नाही पण मिळाले आहे, तेही दाखवायचेच असते. मागील वर्षाचे राहून गेले असेल, तर अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत आता संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत आहे. पहिल्या वर्षी जादा कर २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७०. त्यातून परतावा मागता येत नाही. खात्याने स्वतः शोधून काढल्यास कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के आणि जाणूनबुजून चुकीचे दाखवल्यास २०० टक्के दंड होऊ शकतो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले असून ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ यांच्या जागी ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र १९६१ च्या जुन्या कायद्यानुसारच भरायचे आहे. यंदा कागदांची पिशवी सीएकडे पाठवताना चालू वर्षाचा आगाऊ कर आणि गेल्या वर्षाचे विवरणपत्र यांच्या चलनांवरील वर्ष तपासून घ्यावे.